भिंतीवरची मूल्ये वेळापत्रकात कशी उतरवायची

दर्शनी भिंतीवर ‘श्रमप्रतिष्ठा’ रंगवलेले असते आणि वर्ग झाडायची पाळी मात्र मुलींचीच असते. मुले भिंतीपेक्षा पाळ्या नीट वाचतात. म्हणून शाळेची मूल्ये ठरवायला बसताना रंगाऱ्याला नंतर बोलवा. आधी तीन गोष्टी टेबलावर घ्या: वेळापत्रक, टाचणवही (शिक्षक रोजच्या पाठाची तयारी लिहितात ती) आणि वर्णनात्मक नोंदींची वही (प्रत्येक मुलाबद्दलची निरीक्षणे लिहायची). ठरवलेले मूल्य या तिन्हींत कुठे सापडले नाही, तर ते शाळेत नाही असे खुशाल समजावे.

इथे पहिली ते चौथीची द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा गृहीत धरली आहे, पट साठच्या आत. शाळा मोठी असेल तर आकडे बदलतील, रीत तीच.

मूल्यशिक्षणाची दहा नावे आपल्याकडे सगळ्या शिक्षकांना पाठ आहेत: राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, श्रमप्रतिष्ठा, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, नीटनेटकेपणा, वक्तशीरपणा. दहाही एका वर्षात घेतली की एकही होत नाही. वर्षाला तीन पुरेत. बाकीची सोडायची नाहीत, पण त्यांच्यासाठी वेगळी तयारी यंदा करायची नाही.

ही तीन कोणी निवडायची? शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. शाळा विकास आराखडाही हीच समिती करते. तेव्हा निवड तिथेच व्हावी. फक्त प्रश्न नीट विचारा. ‘तुम्हाला कोणती मूल्ये हवीत?’ असे विचारले की ‘शिस्त आणि संस्कार’ एवढेच उत्तर येते आणि सभा चहावर संपते. त्याऐवजी विचारा, ‘चौथी संपेपर्यंत पोराला काय काय जमायला हवं?’ मग बाजाराचा हिशेब, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचणे, अनोळखी माणसाशी न घाबरता बोलणे, अशी उत्तरे येऊ लागतात. ती फळ्यावर जशीच्या तशी लिहा आणि मग कोणते मूल्य कशाशी जुळते ते बघा. सभा दुपारी ठेवू नका. मजुरीला गेलेली आई तेव्हा येणार नाही, आणि मग निम्म्या स्त्रिया फक्त सहीपुरत्या उरतात.

निवडलेल्या प्रत्येक मूल्याच्या दोन-तीन कृती लिहून काढा. कसोटी सोपी: बाहेरचा माणूस वर्गात अर्धा तास बसला तर त्याला ही कृती डोळ्यांनी दिसेल का? ‘मुलांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजतो’ हे दिसत नाही. ‘मोजण्याआधी मूल आपला अंदाज वहीत लिहिते’ हे दिसते. ‘दुसऱ्याच्या उत्तराला “कशावरून?” असे विचारते’ हेही दिसते. समानतेसाठी एकच कृती पुरे आहे: घंटा, झाडू, पाणी, फळा पुसणे आणि ताटे मोजणे या पाच कामांचा तक्ता हजेरीपटाच्या क्रमाने लावा आणि दर सोमवारी एक घर पुढे सरकवा. मुलामुलींची नावे हजेरीपटात वेगवेगळी लिहिलेली असतील तर आधी एकाआड एक करून घ्या. नाहीतर झाडू महिनाभर मुलींकडेच राहतो आणि तक्ता मात्र निर्दोष दिसतो.

आता वेळ. पहिली ते पाचवीसाठी कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० अध्यापन तास ठरवले आहेत, म्हणजे दिवसाला चार तास. परिपाठ रोज ४० मिनिटे चालला तर वर्षाचे १३३ तास तिथेच जातात. तोच २५ मिनिटांत आटोपला तर ५० तास हाती लागतात, म्हणजे बारा-तेरा पूर्ण दिवस. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा आणि संविधानाची उद्देशिका हे सगळे साधारण साताठ मिनिटांत होते. वेळ खातात ते सुविचार, दिनविशेष, बोधकथा आणि बातम्या, त्याही रोज त्याच चार चुणचुणीत मुलांच्या तोंडून. बोधकथा आठवड्यातून एकदाच ठेवा. सुविचाराच्या जागी रोज एक प्रश्न लिहा, उदाहरणार्थ ‘हापशाचं पाणी सकाळी कोमट का लागतं?’ उत्तर त्याच दिवशी यायलाच हवे असे नाही. वाचायला उभे राहणारे मूल मात्र रोज वेगळे असावे, अडखळले तरी चालेल. प्रतिज्ञा पाठ असते, पण शब्द कळलेले नसतात. महिन्यातून एकदा तिचे एक वाक्य घेऊन ‘याचा अर्थ आपल्या वर्गात काय?’ असे विचारले तर बरेच निघते.

विषयांत मूल्य विणायचे तर सगळ्यात हाताशी असलेले साहित्य म्हणजे पोषण आहार. प्राथमिक वर्गाला दर मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल हे प्रमाण आहे. तिसरी-चौथीची जोडी रोज सकाळी हजेरी मोजून हिशेब मांडते: आज ३७ हजर, म्हणजे तांदूळ ३ किलो ७०० ग्रॅम, डाळ ७४० ग्रॅम. स्वयंपाकी ताई काट्यावर मोजताना ही जोडी शेजारी उभी असते आणि फरक आला तर लिहून ठेवते. गुणाकार, वजनाची एकके, अंदाज आणि पारदर्शक व्यवहार हे सगळे दहा मिनिटांत होते. पहिली-दुसरीने ताटे दहादहाच्या गटात मांडायची. आठवडाभर उरलेले अन्न मोजले की परिसर अभ्यासाला विषय मिळतो: कोणत्या दिवशी जास्त उरते आणि का? इथे एक चूक हमखास होते. कोणाच्या ताटात किती उरले हे नावानिशी लिहिले जाते, मग मुले लाजेने नको असलेले गिळतात किंवा घ्यायचेच टाळतात. सगळ्यांचे उरलेले एकाच बादलीत टाका आणि बादलीचे वजन करा. चुलीजवळ मात्र मुलांना जाऊ देऊ नका, हिशेब ओट्यापासून लांब.

भाषेच्या तासाला मूल्याचा प्रश्न जास्त नाजूक असतो. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी, खानदेशात अहिराणी. घरची बोली घेऊन आलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात ‘नीट बोल’ म्हटले की ते बोलायचेच बंद होते, आणि भिंतीवरची ‘संवेदनशीलता’ तिथेच संपते. शक्य असेल तेथवर मातृभाषेतून शिकवावे असे कायदाही सांगतो. करायचे असे: वर्गात मोठ्या कागदावर दोन रकाने आखा, डावीकडे घरचा शब्द आणि उजवीकडे पुस्तकातला. रोज तीन जोड्या, मुलांनीच सांगायच्या. पहिली-दुसरीत उत्तर आधी घरच्या बोलीत येऊ द्या, मग तेच मराठीत म्हणून घ्या. बोलणे मध्येच थांबवून दुरुस्त करू नका; दुरुस्ती लेखनात करा, एका वेळी एकाच प्रकारची. सगळ्या लाल खुणा एकदम मारल्या तर मूल त्यातली एकही वाचत नाही.

दोन शिक्षकांत चार इयत्ता म्हणजे पहिली-दुसरी एकत्र आणि तिसरी-चौथी एकत्र. एका गटाला शिकवताना दुसऱ्याला वीस मिनिटे एकट्याने करता येईल असे काम हवे. त्याहून लांब काम दिले की गोंगाट सुरू होतो आणि मग गटप्रमुख नेमला जातो. वर्षभर एकच गटप्रमुख ठेवला तर ऑगस्टपर्यंत त्याच्या हातात छडी दिसू लागते. म्हणून तोही सोमवारी बदला, आणि गप्प बसवण्याचे काम त्याला देऊ नका. साहित्य वाटणे आणि अडलेल्याला दाखवणे एवढेच.

शनिवारची बालसभा ४० मिनिटांची. अध्यक्ष मूल असते, शिक्षक ओळीत बसून फक्त लिहितात. दर सभेत किमान एक मागणी शाळेच्या आवाक्यातली निवडायची, जसे नळाची तोटी, चेंडूंची वाटणी किंवा वाचनपेटी कधी उघडायची, आणि तिचे उत्तर पुढच्या शनिवारी द्यायचेच. ‘नाही’ हे उत्तरही चालते, पण कारणासकट. उत्तर न देता दोन-तीन सभा गेल्या की बालसभा चहाड्यांची सभा होते.

वक्तशीरपणाबद्दल थोडे. उशिरा आलेल्याला बाहेर उभे केले तर त्याचे गणित बुडते आणि त्याला वेळेचे महत्त्वही कळत नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही कायद्याच्या कलम १७ ने बंद आहेत, हा भाग वेगळाच. आठवडाभर उशिराचे कारण नुसते लिहून ठेवा. पाणी भरणे, धाकट्याला अंगणवाडीत सोडणे, एसटी न येणे यांपैकी जे जास्त दिसेल ते समितीपुढे ठेवा.

नोंदी हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि इथेच आराखडा बारगळतो. रोज तीनच मुले पाहायची; तीस मुलांचा वर्ग दहा दिवसांत पूर्ण होतो. ‘नियमित शाळेत येतो, प्रगती चांगली’ ही नोंद कुणाच्याही नावापुढे बसते, म्हणून ती निरुपयोगी. अशी लिहा: ‘१२ ऑगस्ट. तांदळाचा अंदाज ३ किलो सांगितला, मोजल्यावर ३ किलो ७०० भरले, फरक स्वतः काढला.’ पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापनाला (वर्गात शिकवता शिकवता होणाऱ्या) ७० आणि संकलितला (सत्राअखेरच्या) ३० टक्के भार, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. म्हणजे दैनंदिन निरीक्षणाला तिथे रीतसर जागा आहे. मूल्यांना मात्र गुण देऊ नका. प्रामाणिकपणाला पाचपैकी गुण मिळतात हे कळले की सापडलेली पेन्सिल गुरुजी बघत असतानाच परत केली जाते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात दोघा शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात अर्धा-अर्धा तास बसावे, ठरवलेल्या कृतींची यादी हातात घेऊन. जी कृती एकदाही दिसली नाही तिच्यापुढे फुली मारा. फुली पडलेल्यांतली एक दुसऱ्या सत्रासाठी सोपी करून पुन्हा घ्या, बाकीच्या काढून टाका.