गेमचे इलेक्ट्रॉनिक ड्रम स्टॅटिकमुळे मध्येच बंद पडतात? या चुका टाळा

गेमसाठी वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्रम किटचा कन्सोलशी किंवा संगणकाशी असलेला संपर्क खेळता खेळता अचानक तुटतो, गेम आपोआप थांबतो आणि यूएसबी केबल काढून पुन्हा लावली की सगळे पूर्ववत चालू होते, ही तक्रार हवा कोरडी झाली की हमखास ऐकू येते. अशा वेळी बरेच जण केबल बदलतात, पोर्ट बदलतात, शेवटी किटच खराब आहे असे ठरवून ते अडगळीत टाकतात. प्रत्यक्षात अनेकदा किट धडधाकट असते आणि वादकाच्या अंगावर साठलेली स्थितिक विद्युत, म्हणजेच स्टॅटिक, त्याला मध्येच बंद पाडत असते. हा दोष घरच्या घरी आणि थोड्या खर्चात दूर होऊ शकतो, पण त्यासाठी करायचे उपाय चुकीच्या क्रमाने आणि चुकीच्या जागी केले जातात, म्हणून त्या चुकांविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते.

मुळात काय घडते ते आधी पाहू. कृत्रिम धाग्यांच्या गालिच्यावर पाय घासला गेला की शरीरावर प्रभार साठतो आणि कोरड्या हवेत त्याचा दाब 10,000 व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. सुमारे 3,000 व्होल्टच्या खालचा झटका आपल्याला सहसा जाणवतही नाही, परंतु 3.3 व्होल्टवर काम करणाऱ्या यूएसबीच्या डेटा वाहिन्यांना तो पुरेसा घातक असतो. या वाहिन्यांचा नियमच असा आहे की दोन्ही वाहिन्या सुमारे 2.5 मायक्रोसेकंद शून्यावर राहिल्या तर उपकरण काढून घेतले गेले, असा अर्थ समोरचे यंत्र घेते. ठिणगीमुळे किटमधला छोटा प्रोसेसर क्षणभर गोंधळून पुन्हा सुरू झाला, तर डोळ्याचे पाते लवण्याच्या आत संपर्क तुटलेला असतो. वायरलेस किटमध्ये डेटा केबल नसली तरी प्रोसेसर असतोच, त्यामुळे तीही या त्रासातून सुटत नाहीत.

कारण न तपासता दुरुस्तीला हात घालणे

एखादाच पॅड अधूनमधून वाजत नसेल, एका पॅडवर मारल्यावर दुसरा वाजत असेल किंवा जोराच्या फटक्यालाच प्रतिसाद मिळत असेल, तर तो स्टॅटिकचा दोष नव्हे. ती सैल तार, उखडलेला पिएझो सेन्सर (फटक्याचे विजेच्या संकेतात रूपांतर करणारा भाग) किंवा चुकीची संवेदनशीलता यांची लक्षणे आहेत. स्टॅटिकमध्ये सगळे पॅड एकाच क्षणी निकामी होतात आणि बहुधा ते एखाद्या स्पर्शाशी जुळलेले असते, म्हणजे पाय पेडलवर टेकला, हात स्टँडच्या नळीला लागला, किंवा वादक आसनावरून उठला आणि तेवढ्यात संपर्क गेला. उलट कोणीही किटजवळ नसताना ते तुटत असेल, तर संगणकातील यूएसबी वीजबचतीची सोय, बाहेरून वीज न घेणारा हब किंवा सैल झालेला कनेक्टर यांच्याकडे आधी पाहावे. वायरलेस किटमध्ये पेडलच्या धक्क्याने बॅटरीचे स्प्रिंग क्षणभर सुटतात आणि लक्षण हुबेहूब तेच दिसते, म्हणून बॅटरीच्या कप्प्यावर बोट दाबून धरून दुसऱ्याला वाजवायला सांगणे ही साधी चाचणी आधी करावी.

स्टॅटिकची खात्री करण्याचा सोपा मार्ग असा आहे. अनवाणी पायांनी उघड्या फरशीवर उभे राहून, अर्थिंग असलेल्या धातूला स्पर्श करून मग काही गाणी वाजवावीत आणि नंतर मोजे घालून गालिच्यावर तेच करावे. पहिल्या वेळी एकदाही न तुटलेला संपर्क दुसऱ्या वेळी वारंवार तुटला, तर गुन्हेगार सापडला. मात्र ही तुलना एकाच दिवशी करावी, कारण हवेतील आर्द्रता बदलली की निकाल फसवा येतो.

पेडलवर उघडा पत्रा बसवणे

ठिणगी कोणत्या जागेतून शिरते हे शोधताना सर्वाधिक वेळा बोट पेडलकडेच जाते. ‘रॉक बँड’ या संगीत गेमच्या 2007 मधील पहिल्या संचातले पेडल प्लॅस्टिकचे होते आणि जोरात वाजवणाऱ्यांच्या पायाखाली ते मोडत असे. त्यावर उपाय म्हणून अनेकांनी वरून धातूचा पत्रा स्क्रूने बसवला, आणि 2008 च्या पुढच्या संचातील पेडलवर तर मुळातच धातूचा पत्रा होता. मजबुतीच्या दृष्टीने हा बदल उत्तम आहे, पण स्टॅटिकच्या दृष्टीने पाहिले तर प्रभारित पायाला उतरण्यासाठी ऐसपैस धातू मिळाला आणि त्या धातूला पुढे जमिनीकडे जाण्याची वाटच ठेवलेली नाही.

पेडल उलटे करून नीट पाहिले म्हणजे अडचण स्पष्ट दिसते. या पेडलमध्ये एक चुंबक आणि काचेच्या बारीक नळीतला, चुंबक जवळ आला की जुळणारा रीड स्विच असतो, त्या स्विचच्या दोन तारा 3.5 मिलिमीटरच्या जॅकमधून थेट किटच्या सर्किटमध्ये जातात. पत्रा बसवण्यासाठी मारलेल्या एखाद्या लांब स्क्रूचे टोक आतल्या बाजूने त्या तारांपासून दोन-तीन मिलिमीटरवर आलेले आढळते. कोरडी हवा दर मिलिमीटरला साधारण 3,000 व्होल्टपर्यंतच तग धरते, तेव्हा 10,000 व्होल्टला एवढे अंतर म्हणजे काहीच नाही. ठिणगी स्क्रूच्या टोकावरून तारेवर उडी घेते आणि तारेच्या वाटेने प्रोसेसरपर्यंत पोहोचते. म्हणून आखूड स्क्रू वापरावेत, आत आलेली टोके कापून घासून घ्यावीत आणि स्विचच्या तारा धातूपासून शक्य तितक्या दूर वळवून चिकटवाव्यात. केवळ एवढ्या कामाने कित्येक किट शांत होतात, म्हणून माझ्या मते बाकी कोणताही खर्च करण्याआधी हे करावे.

सगळीकडे टेप गुंडाळून प्रभार अडवू पाहणे

पेडल, स्टँड आणि कनेक्टर यांच्यावर इन्सुलेशन टेपचे वेढे देणे हा सर्वांना सुचणारा उपाय असतो. टेप स्वतः बराच दाब सहन करते हे खरे, परंतु तिच्या दोन पट्ट्यांमधील फटीतून, सुरकुतीतून किंवा कडेवरून ठिणगीला वाट मिळतेच. त्याहून मोठी अडचण अशी की अडवलेला प्रभार नाहीसा होत नाही. तो शरीरावर वाढत राहतो आणि पुढच्या उघड्या धातूवर, म्हणजे बहुधा यूएसबीच्या टोकावर किंवा हेडफोनच्या जॅकवर, अधिक जोराने उतरतो. प्रभार अडवण्याऐवजी त्याला किटच्या बाहेरून जमिनीकडे जाण्याची संथ वाट करून देणे, हेच या दुरुस्तीचे मर्म आहे.

अर्थिंग करताना जिवाशी खेळणे

वाट करून द्यायची म्हणजे पेडलच्या पत्र्याला तार जोडून तिचे दुसरे टोक भिंतीतल्या सॉकेटमध्ये खुपसायचे, असा अर्थ काही जण घेतात. असे कधीही करू नये. सॉकेटची जोडणी चुकलेली असेल किंवा तार चुकीच्या छिद्रात गेली, तर पायाखालचा पत्रा थेट मुख्य विजेला जोडला जातो. अर्थिंगच्या तारेत 1 मेगाओमचा रेझिस्टर, म्हणजे प्रवाह मर्यादित ठेवणारा रोध, असलाच पाहिजे, यात कसलीही सूट नाही. तो असला की 230 व्होल्टचा पुरवठा चुकून तारेवर आला तरी शरीरातून जाणारा प्रवाह 0.23 मिलिअॅम्पिअरच्या पुढे जात नाही.

एवढा मोठा रोध घातल्यावर स्टॅटिक वाहून जाईल का, अशी शंका येणे साहजिक आहे, पण ती निराधार आहे. मानवी शरीराची विद्युतधारकता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता, गणितासाठी साधारण 100 पिकोफॅरड धरतात. 1 मेगाओममधून एवढा प्रभार सेकंदाच्या हजाराव्या भागातच जवळजवळ पूर्ण ओसरतो. शिवाय याच रोधामुळे तो सावकाश ओसरतो, आणि हा फरक फार मोठा आहे. 10,000 व्होल्टला प्रभारित झालेल्या माणसाकडून थेट ठिणगी पडली तर क्षणभर सहा-सात अॅम्पिअर प्रवाह वाहू शकतो, मेगाओममधून मात्र तो 10 मिलिअॅम्पिअरवरच थांबतो. प्रोसेसरला गोंधळात टाकणारा असतो तो प्रवाहाचा हा अचानक उसळणारा कल्लोळ.

व्यवहारात सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीसाठी मिळणारी तयार अँटीस्टॅटिक चटई पेडलखाली आणि पायाखाली अंथरणे. तिच्या तारेत हा रोध बसवलेला आहे याची घेताना खात्री करून घ्यावी. जोडणीसाठी अर्थिंगची पिन तेवढी धातूची आणि बाकीच्या पिना प्लॅस्टिकच्या असलेला तयार प्लग वापरावा, किंवा अर्थिंग असलेल्या डेस्कटॉप संगणकाच्या कॅबिनेटचा रंग नसलेला स्क्रू वापरावा. ज्या लॅपटॉपच्या अॅडॅप्टरला अर्थिंगची पिनच नाही, त्याच्या धातूला जोडून उपयोग होत नाही. खेळण्यापूर्वी एकदा धातूला हात लावून घेणे चांगलेच आहे, पण पुढचे गाणे संपेपर्यंत पायाच्या हालचालीने प्रभार पुन्हा साठतो, त्यामुळे त्यावर विसंबून राहू नये.

नळ्यांच्या स्टँडबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. नळ्या धातूच्या आणि सांधे प्लॅस्टिकचे असतील तर प्रत्येक नळी विजेच्या दृष्टीने एकटी पडते. एका नळीला अर्थिंग करून दुसरी तशीच ठेवली तर काम अर्धवट राहते, म्हणून नळ्या एकमेकींना बारीक तारेने जोडाव्यात आणि मग त्यांपैकी एकच चटईला जोडावी.

प्रभार जिथे तयार होतो तिकडे दुर्लक्ष करणे

गालिचा, कृत्रिम धाग्याचे मोजे आणि लोकरीचे कपडे यांची संगत बदलली तरी मोठा फरक पडतो. सुती मोजे किंवा अनवाणी पाय आणि उघडी फरशी यांना खर्च शून्य. आसनाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. कृत्रिम चामड्याच्या किंवा पॉलिएस्टरच्या गादीवरून उठताना शरीर आणि गादी यांच्यात प्रभाराची फारकत होते, आणि उंची बदलण्यासाठी गॅसचा दांडा असलेल्या खुर्च्यांवर बसता-उठताना निर्माण होणाऱ्या विद्युत स्पंदनांमुळे शेजारचे मॉनिटर क्षणभर काळे पडल्याचीही उदाहरणे आहेत. ड्रम वाजवताना अशी खुर्ची टाळून सुती आवरणाचे साधे स्टूल घ्यावे.

खोलीतील आर्द्रता 40 ते 60 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर प्रभार साठणे बरेच कमी होते. त्याहून जास्त ओलावा करू नये, कारण ओलाव्याने कनेक्टर गंजतात आणि एका त्रासाच्या जागी दुसरा उभा राहतो. अँटीस्टॅटिक फवारा फक्त गालिच्यावर आणि आसनावर, तोही किट बंद असताना मारावा. पॅडच्या फटींत किंवा जॅकवर फवारलेला द्रव आत उतरून पातळ वाहक थर धरतो आणि मग पॅड आपोआप वाजू लागतात.

केबलचे लांबलचक जाळे आणि एकाकी फेराइट

यूएसबी 2.0 च्या पूर्ण वेगाच्या केबलची मर्यादा 5 मीटर आहे. त्यात एक्स्टेन्शन जोडून ती ओलांडली की आधीच अशक्त झालेला संकेत ठिणगीपुढे लगेच हार मानतो. आखूड, जाळीचे कवच असलेली केबल घ्यावी आणि ती पेडलच्या तारेशेजारून नेऊ नये. पेडलच्या तारेची गुंडाळी करून बांधून ठेवण्याची सवयही सोडावी.

केबलभोवती फेराइटची, म्हणजे एका चुंबकीय पदार्थाची, कडी लावणे योग्यच आहे, कारण ठिणगीचा प्रवाह एका नॅनोसेकंदाच्या आसपास उसळतो आणि अशा अतिउच्च वारंवारितेलाच फेराइट विरोध करते. चूक होते ती जागेची. कडी केबलच्या मधोमध लटकवण्याऐवजी किटमध्ये शिरणाऱ्या टोकाला चिकटून बसवावी आणि फक्त यूएसबीलाच नव्हे, तर पेडलच्या तारेलाही तिच्यातून दोन-तीन वेढे देऊन बसवावी.

खऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्रमवर संगणकात गेम खेळणाऱ्यांना एक चांगला पर्याय हाताशी असतो आणि तो सहसा विसरला जातो. ड्रमच्या मॉड्यूलला (पॅडचे संकेत घेऊन आवाज तयार करणाऱ्या पेटीला) मिडीचा, म्हणजे वाद्ये आणि संगणक यांच्यात संकेत पाठवण्याच्या प्रमाणित पद्धतीचा, पाच पिनांचा आउटपुट असेल तर थेट यूएसबी न जोडता त्या मार्गाने मिडी-यूएसबी इंटरफेसला जावे. 1983 मध्ये मिडीची मानके ठरली तेव्हापासून त्याच्या इनपुटला ऑप्टोकपलर असतो, म्हणजे संकेत प्रकाशाच्या रूपाने पलीकडे जातो आणि दोन यंत्रांची विद्युत जोडणी एकमेकांपासून वेगळी राहते. मॉड्यूलवर उतरलेली ठिणगी मग संगणकाच्या यूएसबी पोर्टपर्यंत सहजासहजी पोहोचत नाही.

किट उघडून अंदाजाने भाग डकवणे

डेटा वाहिन्यांवर मोठे कपॅसिटर लावले की ठिणगी शोषली जाईल, या कल्पनेने केलेल्या बदलांत बहुधा ठिणगीआधी डेटाच शोषला जातो आणि किट ओळखलेच जात नाही. बसवायचाच असेल तर यूएसबीसाठी बनवलेला, अत्यल्प धारकतेचा संरक्षक डायोड कनेक्टरच्या अगदी जवळ बसवावा, आणि सर्किटला हात लावण्यापूर्वी मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधावा. सोल्डरिंगचा सराव नसेल तर हे काम जाणकाराकडे द्यावे.

एवढे सारे करूनही किट कधी ओळखले जाते आणि कधी नाही, किंवा हवा दमट असतानाही संपर्क तुटत राहतो, तर आधीच्या झटक्यांनी प्रोसेसरला कायमची इजा झाली असण्याची शक्यता आहे. अशा वेळीही सगळे किट टाकून देण्याची गरज नसते, कारण पॅडमधले पिएझो सेन्सर हे दोन तारांचे साधे भाग असतात आणि योग्य जॅक लावून ते एखाद्या जुन्या मिडी ड्रम मॉड्यूलला जोडता येतात. पेडलचा रीड स्विचही स्विच स्वरूपाचा इनपुट स्वीकारणाऱ्या मॉड्यूलवर चालतो. जोडणी झाल्यावर प्रत्येक पॅडची संवेदनशीलता मॉड्यूलमध्ये नव्याने ठरवून घ्यावी, कारण गेमच्या पॅडमधून येणारा संकेत त्या मॉड्यूलच्या मूळ पॅडपेक्षा बराच वेगळा असू शकतो.