दहावी ९३, बारावी ६१ आणि चुकीचा कॉलम

दहावीला मला ९३ टक्के होते. आमची २०२० ची बॅच, भूगोलाचा पेपर लॉकडाउनमुळे झालाच नाही. अकरावी सगळी मोबाइलवर गेली. मार्च २०२२ मध्ये बारावीची परीक्षा मात्र वर्गात बसून दिली आणि हातात आले ६१ टक्के. केमिस्ट्रीत तर १०० पैकी ४७. पुढे ऑगस्टमध्ये सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगसाठीची राज्याची प्रवेश परीक्षा झाली, तिच्यात ९१ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातली साधारण ९१ मुलं माझ्या बरोबर किंवा मागे. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी बाबा काहीच बोलले नाहीत, फक्त टीव्हीचा आवाज कमी केला. तो दिवस अजून विसरलेलो नाही. यंदा इंजिनिअरिंग संपलं, आणि नागपूरच्या मानेवाड्यातली आमच्या ओळखीची दोन-तीन मुलं असेच वरखाली मार्क घेऊन इंजिनिअरिंग प्रवेशासाठी कॉलेजांची यादी करायला बसली आहेत. हे त्यांच्यासाठी आहे.

पहिली गोष्ट, तुमच्या तीन आकड्यांची सरासरी काढत बसू नका. "मी ७५-८० टक्क्यांतला मुलगा आहे" असं कोणतंही कॉलेज तुमच्याकडे बघत नाही. प्रत्येक दारात वेगळा आकडा विचारतात. साउथ अंबाझरी रोडवरचं व्हीएनआयटी, म्हणजे केंद्राचं इंजिनिअरिंग कॉलेज, जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेची रँक बघतं, पण बारावीला ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं (एससी-एसटीला ६५ टक्के). कोरोनाच्या वर्षांत ही अट शिथिल होती, २०२३ पासून परत लागू झाली. म्हणजे आज माझ्यासारखे ६१ टक्के असतील, तर जेईईत कितीही चांगलं केलं तरी ते दार बहुतेक बंद. हे ऐकायला कडू आहे, पण जुलैत कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

राज्याच्या कॅपचं, म्हणजे एकाच अर्जावर फेऱ्याफेऱ्यांनी जागा वाटणाऱ्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं, तसं नाही. तिथे बारावीचं काम फक्त उंबरठा ओलांडण्यापुरतं: खुल्या गटाला फिजिक्स, मॅथ्स आणि केमिस्ट्रीसारख्या तिसऱ्या विषयात मिळून ४५ टक्के, राखीव गटाला ४०. एकदा आत गेलात की पुढचा क्रम सीईटीच्या पर्सेंटाइलवर. आणि सीईटीत २०० पैकी १०० गुण एकट्या मॅथ्सचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. माझी केमिस्ट्री कच्ची आणि मॅथ्स बरं, म्हणून बोर्डात पडलो आणि सीईटीत तरलो. तुमचंही असं असेल तर बारावीच्या मार्कशीटकडे बघून रडू नका. कॅपमध्ये ती मार्कशीट उंबरठ्यापलीकडे कोणी फारशी बघत नाही.

आता मी जिथे पडलो तो खड्डा. हे सावकाश वाचा.

कटऑफची, म्हणजे आधी कोणत्या जागेवर शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला त्याची पीडीएफ उघडली की प्रत्येक शाखेखाली कोडांची रांग दिसते. मला तेव्हा एवढंच माहीत होतं की 'जी' म्हणजे जनरल, 'एल' म्हणजे मुलींच्या जागा आणि 'ओपन' म्हणजे ओपन. शेवटच्या अक्षराकडे मी बघितलंच नाही. जी-ओपन-एच, जी-ओपन-ओ, जी-ओपन-एस. मला वाटलं फेरीचा काहीतरी नंबर असेल. तो नंबर नाही. 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी, त्या कॉलेजच्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठीच्या जागा. 'ओ' म्हणजे त्या हद्दीबाहेरच्या मुलांसाठीच्या. 'एस' म्हणजे राज्यपातळीवरच्या, सगळ्यांना खुल्या.

मी नागपूरचा. माझं होम म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, म्हणजे नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया. अमरावती विद्यापीठ वेगळं. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ पासून गोंडवाना विद्यापीठात. पुणे तर सोडाच. आणि मी काय केलं? पुण्याच्या कॉलेजांचे 'एच' कॉलम वाचून यादी केली. एका कॉलेजात 'एच'चा कटऑफ ९०.८ होता. माझे ९१. मी आईला सांगून मोकळा झालो की पुण्याला जायचं, तिने तर ट्रंकेतली नवी चादरही काढून ठेवली. त्याच ओळीत दोन बोटं पुढे 'ओ'चा आकडा ९४.६ होता. माझ्यासाठी तोच खरा आकडा होता. तो मी वाचलाच नाही.

फॉर्ममध्ये ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. मी चौदा भरले आणि चौदाही पुण्याचे. पहिल्या फेरीत काहीच लागलं नाही. स्क्रीनवर 'नॉट अलॉटेड' आलं तेव्हा मला वाटलं साइटच चुकली. शेजारचा दादा तेव्हा तिसऱ्या वर्षाला होता. त्याने माझी प्रिंट हातात घेतली आणि म्हणाला, "अबे, तू कोणता कॉलम पाहून राहिला? हा पुण्याच्या पोरांचा आहे." मग त्याने स्टीलची पट्टी ओळीखाली ठेवली आणि शेवटच्या अक्षरावर पेनाने गोल केला. तेवढ्या गोलाने माझी सगळी यादी खोटी ठरली.

इथे एक गैरसमज नको. स्वप्नातलं कॉलेज वर लिहिल्याने माझं नुकसान झालं नाही. यंत्रणा वरून खाली बघत जाते, वरचं नाही मिळालं म्हणून खालच्यावरचा तुमचा हक्क कमी होत नाही. नुकसान झालं ते खाली घरचं काहीच लिहिलं नव्हतं म्हणून. पहिल्या फेरीत नागपूरच्या ज्या जागा मला 'एच'मधून सहज मिळाल्या असत्या, त्या दुसऱ्यांनी घेतल्या. दुसऱ्या फेरीत उरलेल्या आणि सोडलेल्या जागांवर भागवावं लागलं. मला कॉम्प्युटर हवं होतं, हिंगणा रोडच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्स मिळालं. चार वर्षं चांगली गेली, शिकवणारे चांगले भेटले, ते खोटं सांगत नाही. पण ती निवड माझी नव्हती, हेही खरं.

आणखी एक, होम कोणतं ते घराच्या पत्त्यावरून ठरत नाही. महाराष्ट्रातच दहावी-बारावी केलेल्यांचं ते बारावी कुठल्या गावच्या कॉलेजातून दिली त्यावरून ठरतं. नागपुरात क्लास लावून नाव मात्र दुसऱ्या जिल्ह्यातल्या टाय-अपच्या ज्युनिअर कॉलेजात असतं अशी कितीतरी मुलं मला माहीत आहेत. त्यांनी आधी स्वतःच्या कॉलेजचा जिल्हा तपासावा.

पैसे घेऊन ऑप्शन फॉर्म भरून देणाऱ्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे: जाऊ नका. मी पुण्याची यादी करायच्या आधी मामांच्या आग्रहाने एकाकडे गेलो होतो. त्याने माझं पर्सेंटाइल विचारलं, वडिलांचं उत्पन्न विचारलं, पण बारावी कुठून केली ते विचारलं नाही. जो हा प्रश्न विचारत नाही त्याला काही कळत नाही, असं मी आता धरून चालतो. टॉपरच्या सल्ल्याचाही उपयोग कमी, त्याला पहिलाच पर्याय लागलेला असतो. तुमच्याएवढेच पर्सेंटाइल असलेला, दोन वर्षं पुढचा मुलगा शोधा. त्याच्याजवळ अर्धा तास बसलात तरी पुरे.

बारावीच्या टक्क्यांची खरी झळ लागते ती तिसऱ्या-चौथ्या वर्षी. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या दहावी, बारावी आणि डिग्री, तिन्हींत ६० टक्के मागतात. माझे ६१ होते म्हणून निसटलो. ५८ असतील तर घाबरू नका, पण यादी करतानाच त्या कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचारा की ६० च्या खालच्यांना तिथे कोणी बसू देतं का. प्लेसमेंटच्या रंगीत पत्रकात हे लिहिलेलं नसतं.

ज्यांचं दहावी चांगलं आणि बारावी अगदीच गेलं आहे त्यांच्यासाठी डिप्लोमाचा रस्ता आहे, आणि त्याला कमी लेखणाऱ्यांचा मला राग येतो. डिप्लोमाची गुणवत्ता यादी दहावीच्या गुणांवर लागते. माझा शाळेतला मित्र बारावीत नापास झाला, दहावीच्या ८८ टक्क्यांवर नागपूरच्या सदर भागातल्या शासकीय तंत्रनिकेतनात गेला आणि तिथून डिप्लोमाच्या गुणांवर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. घरी सहा महिने कोणी त्याच्याशी नीट बोलत नव्हतं.

यादीचा क्रम मात्र जपून लावा. २०२५ पासून कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आहेत आणि ऑटो-फ्रीझ वाढलं आहे. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला, दुसरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसरीत पहिल्या सहापैकी एखादा लागला, तर ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून "बघू, लागलं तर लागलं" असं कॉलेज वरच्या सहांत घालू नका. तिथे खरंच चार वर्षं जाल का, हे आधी घरी बोलून घ्या. फीसकट बोला. राखीव गटातून भरत असाल तर नॉन-क्रिमी लेअर आणि जात पडताळणीचं बघा. कागद वेळेत नसला तर अर्ज खुल्या गटात जातो आणि सगळी यादी परत करावी लागते.

परवा मामेबहीण आली होती. ती चंद्रपूरची, पण बारावी नागपुरातून झालेली. तिने चंद्रपूरच्या कॉलेजांसमोर 'एच'चे आकडे उतरवून आणले होते. आम्ही तीच स्टीलची पट्टी घेतली, एकेका ओळीखाली धरली आणि रात्री साडेअकरापर्यंत शेवटच्या अक्षरावर गोल करत बसलो. बावीस कॉलेजं झाली. सात खोडली, नागपूर आणि वर्ध्याची नऊ नवीन लिहिली, आणि पुण्याची तीन सगळ्यात वर तशीच ठेवली, 'ओ'चे आकडे लिहून.