बॅटरीशिवाय वाजणारा क्रिस्टल रेडिओ घरी कसा बनवावा

क्रिस्टल रेडिओला ना बॅटरी लागते, ना घरातली वीज. एरियलमध्ये, म्हणजे लहरी पकडणाऱ्या लांब तारेत, स्टेशनच्या लहरींमुळे जो इवलासा प्रवाह निर्माण होतो, त्यावरच इयरफोन वाजतो. म्हणून खरी मेहनत एरियल आणि अर्थिंगवर घ्या. जोडणी सोपी आहे.

आधी साध्या रेडिओवर मीडियम वेव्ह लावून पाहा. पुण्यात 792, मुंबईत 558 किंवा 1044 किलोहर्ट्‌झवर आकाशवाणी दिवसा खणखणीत लागत असेल, तरच पुढे जा. एफएम क्रिस्टल रेडिओवर ऐकू येत नाही.

सामान मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली अशा बाजारात शोधा: 1एन34 जर्मेनियम डायोड (लहरींतून आवाज वेगळा करणारा भाग), गँग कंडेन्सर (स्टेशन लावायला फिरवायचा भाग), क्रिस्टल इयरफोन, 47 किलोओहमचा रेझिस्टर. मोबाइलचा इयरफोन थेट जोडून चालत नाही, त्याचा रोध फार कमी असतो. सिलिकॉन डायोडही नको; तो साधारण 0.6 व्होल्टशिवाय नीट वाहत नाही आणि इथे तेवढा दाब क्वचितच मिळतो. पूर्वी डायोडचं हे काम गॅलेना या शिशाच्या खनिजाचा खडा करायचा. जगदीशचंद्र बोस यांना अशा डिटेक्टरचं, म्हणजे लहरी ओळखणाऱ्या साधनाचं, अमेरिकी पेटंट 1904 मध्ये मिळालं, हे आवर्जून लक्षात ठेवावं असं आहे.

आता कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं. 75 मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यावर 26 गेजची इनॅमल तार शेजारी-शेजारी घट्ट गुंडाळा, 60 वेढे. मोटर वाइंडिंगच्या दुकानात ही तार वजनावर मिळते. 50 ग्रॅम पुरे. दर 10 वेढ्यांनी तारेला पीळ देऊन छोटा फासा बाहेर काढा. टोकं आणि फासे पॉलिश पेपरने घासा. तपकिरी थर जाऊन लालसर तांबं चमकेपर्यंत घासायचं. रेडिओ मुका राहिला, तर पहिला संशय इथेच घ्या.

एरियल कॉइलच्या वरच्या टोकाला, अर्थ खालच्या टोकाला. गँगचा मधला पाय अर्थकडे, कडेचा एक पाय वरच्या टोकाला. तिथूनच डायोड, डायोडच्या दुसऱ्या टोकाला इयरफोन, त्याची उरलेली तार अर्थला. रेझिस्टर इयरफोनला समांतर जोडा. डायोड उलटा लागला तरी बिघडत नाही.

एरियलसाठी 15 ते 20 मीटर तार गच्चीवर जमेल तितकी उंच ताणा, पण विजेच्या तारांपासून लांब. अर्थसाठी जमिनीत जाणारा धातूचा नळ किंवा ओल्या मातीत ठोकलेली सळई घ्या. प्लास्टिकचा नळ उपयोगाचा नाही. प्लगच्या सॉकेटमध्ये तार कधीही घालू नका. ढगाळ, गडगडाटी हवेत एरियल लावून ठेवू नका. ते काढायचं ते आभाळ भरून येण्याआधीच.

इयरफोन कानात घालून गँग अगदी सावकाश फिरवा. दोन स्टेशनं एकमेकांत मिसळली, तर एरियल वरच्या टोकावरून काढून मधल्या एखाद्या फाशाला जोडा. आवाज थोडा उतरतो, पण स्टेशनं सुटी होतात. डायोडही तसाच खालच्या फाशांवर लावून पाहा.