लोकांसमोर कोळशाने पूर चढवायचा, तो असा

लोकांसमोर चित्र काढण्याचा प्रयोग करायचा तर विषय असा घ्यावा, जो पाहणाऱ्याला आधीच पाठ आहे. नाशकात माझा विषय ठरलेला: गंगेवरचा, म्हणजे गोदावरीच्या घाटावरचा, दुतोंड्या मारुती. पाणी त्याच्या कमरेला लागलं की छातीला, यावरच आपण पूर मोजतो. मी आधी कोरडा मारुती काढते आणि मग त्याच्यावर पाणी चढवत नेते. पुढे काय होणार ते सगळ्यांना कळतं, पण मी कुठे थांबणार ते कळत नाही. लोक बसून राहतात ते त्यासाठी.

चित्र सुंदर झालं का, हा प्रश्न इथे दुय्यम. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना आपण पूर्ण झालेला कागद जमा करतो. इथे कागद भरतानाचं तुमचं अंग, दम, थांबणं हेच लोक बघतात. परफॉर्मन्स कलाकार निखिल चोप्रा २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सलग नऊ दिवस वेश बदलत, दालनांतून फिरत मोठं चित्र काढत राहिले. आपण आधी अर्ध्या तासाचा प्रयोग नीट साधू.

८ बाय ४ फुटांच्या दोन प्लायवूड शीट शेजारीशेजारी उभ्या करा, मागून आडव्या पट्ट्या ठोका. त्यावर कार्ट्रिज कागदाचा जाड रोल ताणून लावा. घाटावरच्या दमट हवेत मास्किंग टेप सुटते, संध्याकाळच्या वाऱ्यात कागद फुगतो, तेव्हा चारही कडांना स्टेपल गनच मारा. महापालिकेची आणि पोलिसांची परवानगी आधीच काढा. आणि बुधवार टाळा. बाजाराच्या दिवशी तुम्हाला कोण बघणार?

आता उभं राहण्याचं. हे कुणी शिकवत नाही आणि सगळा खेळ इथेच बिघडतो. प्रेक्षक पाठीमागे असतात, म्हणजे तुम्ही काढाल ते तुमच्याच पाठीआड जातं. उजव्या हाताने काढत असाल तर उजव्या टोकापासून सुरुवात करा आणि डावीकडे सरकत जा. हात बाजूला लांब ठेवा, रेघ मनगटातून नाही, खांद्यातून निघू दे. मग अंगाआड कोरा कागदच राहतो, काढलेलं उघडं पडत जातं. लिहिण्याच्या सवयीने पाय उजवीकडेच ओढतात, म्हणून भिंतीसमोर कोळसा न घेता नुसतं चालून बघा. डावखुऱ्यांनी उलट.

मारुती विलो चारकोलच्या, म्हणजे विलो झाडाच्या काडीच्या कोळशाच्या, जाड कांडीने काढा आणि त्यावर फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा पक्का करणारा फवारा, मुळीच मारू नका. त्या रेघा पुढे विरघळायला हव्यात. पाणी आलं की कांडी आडवी धरून कागदभर ओढायची, मग तळहाताने चोळायचं. पण पुराची गोदावरी काळी नसते, गढूळ असते. म्हणून सुती फडक्यात कोरडा गेरू घेऊन त्यावर फिरवा. कोळसा आणि गेरू मिसळून जो मातकट रंग येतो, तो बघून पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं आपोआप बोलायला लागतात: अमक्या साली इथवर होतं, तमक्या साली त्याच्या वर. त्यांना बोलू द्या. प्रयोग म्हणजे मूकनाट्य नव्हे.

साथीला मी तबला घेते, विलंबित तीनताल. एका आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेरीत, पाण्याची एक पट्टी; समेवर, पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर, हात उचलायचा. सोळा मात्रा कागदावरून हात न काढणं सोपं नाही, दंड भरून येतो. तो भरून आलेला दिसला तरी लपवू नका.

गळ्यापर्यंत पाणी आलं की मी पूर्ण एक आवर्तन नुसती उभी राहते. तिथून पुढे चढवायचं की तिथेच कांडी ठेवायची, हे आधी ठरवत नाही.

नंतर लोक कागदापाशी येतात, बोट लावून बघतात, फोटो काढतात. ते पांगले की स्टेपल काढा, मोकळ्या हवेत फिक्सेटिव्हचे दोन पातळ हात मारा आणि वाळल्यावर चित्राची बाजू बाहेर ठेवून रोल करा. कोळसा कागदाच्या मागच्या बाजूला उमटेल असं वाटत असेल, तर मध्ये बटर पेपर घाला. आणि प्रयोगाच्या वेळी कागदाखाली जमिनीवर सतरंजी नको, जुनी चादर अंथरा. गेरूचा डाग सतरंजीतून जात नाही.