अमर पात्राची कादंबरी लिहायला घेताना

अमरत्व आणि स्वातंत्र्याची किंमत हा विषय घेऊन अद्भुतरम्य कादंबरी लिहायची असेल, तर कथानक आखण्याआधी वरदानाची अट एका वाक्यात लिहून काढावी. हिरण्यकशिपूने मृत्यूच्या सगळ्या वाटा बुजवल्या होत्या, तरी उंबरठा राहून गेलाच. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील हलशीचे भूवराह-नरसिंह मंदिर पाहिलेल्या लेखकाला ही पळवाट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आपल्या विषयाला त्याहून जवळचा आहे तो बळी, कारण तो चिरंजीव असला तरी त्याचा मुक्काम पाताळात आहे.

अट शक्यतो भूगोलाला बांधावी. समजा, नायिका मलप्रभेच्या उत्तर काठावरची आहे आणि नदी ओलांडत नाही तोवर तिला मरण नाही. कणकुंबीला उगमापाशी ही नदी एका पावलात ओलांडता येते, पावसाळ्यात तीच खानापुराजवळ दुथडी भरून वाहते आणि पुढे नविलुतीर्थाच्या धरणात तिचा काठ कोठे आहे हेच सांगता येत नाही. उगमाला वळसा घालून गेले तर अट मोडते का, असे चाणाक्ष वाचक विचारणारच. त्याचे उत्तर पहिल्या प्रकरणापूर्वी ठरलेले असावे.

किंमत मात्र नायिकेपेक्षा तिच्या माणसांकडून वसूल करावी, आणि बहुतेक कादंबऱ्या येथेच ढिल्या पडतात. शेकडो वर्षांच्या एकाकीपणाची वर्णने लवकर कंटाळवाणी होतात, पण जमिनीचा उतारा कधी कंटाळवाणा होत नाही. उताऱ्यावर आजीचे नाव आहे आणि आजी मरत नाही, म्हणून वारसा नोंद होत नाही; नातू साठीला आला तरी त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्यामुळे त्याला पीककर्जही मिळत नाही. तो आजीवर जीव टाकतो आणि दरवर्षी उतारा काढून पुन्हा पाहतो. असा एक प्रसंग सावकाश लिहावा.

इतिहास आणायचा असल्यास तो बदलू नये. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये नंदगडला वडाच्या झाडावर फाशी दिले. नंदगड मलप्रभेच्या दक्षिणेस आहे, त्यामुळे आपली नायिका त्याच्या शेवटच्या दर्शनालाही जाऊ शकत नाही. एवढे सांगून पुढच्या प्रकरणाकडे वळावे. त्यावर तिच्या तोंडी चिंतन घातले की प्रसंग पडतो. संवादांत सीमाभागातली कानडी मिसळलेली मराठी यावी, निवेदन प्रमाण भाषेत ठेवावे.

शेवटी एखाद्या ऋषीकडून अट मागे घेववू नये. नायिकेने नदी स्वतः ओलांडावी, तीही नातवासाठी. मृत्यूचा दाखला जेथे मृत्यू झाला तेथून मिळतो, म्हणजे नातवाला पलीकडच्या काठावरच्या गावी जावे लागेल आणि अर्जात आजीचे वय लिहावे लागेल. तेथे तो कोणता आकडा घालतो, हे शेवटच्या प्रकरणाचे काम आहे.