पंचमाच्या कॉर्डवर पडलेली तिहाई

दहा-बारा वर्षं तबला शिकलेली, साथ बरी जमणारी मुलं विचारतात, गिटार-ड्रम्सवाल्यांबरोबर काम करायचंय, स्वतःच्या रचनाही करायच्या आहेत, सुरुवात कुठून करू? मी त्यांना माझी एक फसलेली तिहाई सांगतो. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा वाजवून समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येणं.

ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचा प्रकार, चालला होता. बारा बारचा साचा, चार-चार मात्रांचा एकेक बार, म्हणजे ४८ मात्रा. मी मनात म्हटलं, ही तर सोळा मात्रांच्या तीनतालाची तीन आवर्तनं! दुसऱ्या आवर्तनाच्या समेपासून पाच मात्रांचा बोल, एक मात्रा दम, असं तीनदा घेतलं आणि सतरावा ‘धा’ अचूक पुढच्या समेवर टाकला. हिशेब चोख. तरी कुणी मान हलवली नाही. उलट काहीतरी खटकल्यासारखं सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

नंतर बेस वाजवणाऱ्याने समजावलं. ब्लूजमध्ये सुरुवात षड्जाच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार स्वर), पाचव्या बारला मध्यमाची येते आणि नवव्याला पंचमाची. माझी आवर्तनं नेमकी याच जागांवर सुरू होत होती. पण नववा बार ही ताण वाढण्याची जागा. गाणं अजून वाटेत असताना मी घरी पोचल्याचं जाहीर केलं होतं. त्यात माझा तबला षड्जात मिळवलेला आणि पंचमाची कॉर्ड म्हणजे प, नि, रे; तिच्यात सा नाहीच. तिथे खुला ‘धा’ घुमला तो कॉर्डला घासूनच.

लय बरोबर असूनही वाजवणं चुकीचं असू शकतं, हे त्या दिवशी कळलं. आपल्याकडे साथीला लेहरा, म्हणजे आवर्तनाबरोबर फिरणारी एकच सुरावट, असतो, तानपुरा असतो. स्वर आपल्या पायाखालून सरकत नाही. तिकडे तो सरकतो. म्हणून तालवादकानेही कीबोर्डवर निदान साध्या कॉर्ड वाजवायला शिकावंच, असं माझं ठाम मत आहे. रचना करायच्या असतील तर त्याला पर्यायच नाही.

दुसरं म्हणजे वजन. रूपक सात मात्रांचा, ३-२-२. बाल्कन देशांतल्या नाचाच्या संगीतातही सातच्या चाली आहेत, त्यातली एक २-२-३. आकडा तोच, पण रूपकाच्या समेवर खाली, म्हणजे टाळीऐवजी मोकळा हात, आहे आणि त्या नाचाच्या चालीत शेवटचा तीनचा गट लांबतो. आपले ठेके तिथे चिकटवले तर नाचणाऱ्याचं पाऊल अडखळतं. क्यूबाच्या सोन क्लाव्हेत, म्हणजे तिथल्या संगीताच्या पायाभूत ठोक्यांच्या साच्यात, सोळा घरांपैकी १, ४, ७, ११, १३ वर आघात येतात. हे हातांनी टाळ्या देत, तोंडाने तीनतालाचे बोल म्हणत महिनाभर करा. माझ्या हाताला सैलपणा आला तो यातून.

थोरांचं पाहा. १९७० च्या दशकात ‘शक्ती’ या बँडमध्ये तबलावादक झाकीर हुसेन आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्यासोबत बसलेले गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन आधी वीणा शिकले होते. त्रिलोक गुर्टू तबल्यातून आले आणि तबला व ड्रम्स एकाच मांडणीत घेऊन गुडघ्यांवर बसून वाजवतात. दोघांनीही समोरच्याची भाषा तोंडओळखीवर सोडली नाही.

स्टेजवर डग्ग्याची घिस्सा, म्हणजे तळहात घासून काढलेला घुमारा, बेसच्या सुरावळीवर चढवू नका, दोन्ही खालच्या आवाजात एकमेकांत मिसळून गढूळ होतात. तबला-डग्ग्याला स्वतंत्र माईक मागा. मेट्रोनोमच्या क्लिकवर वाजवायचा सराव ठेवा, स्टुडिओत लागतोच. पोट सुरुवातीला साथ, शिकवण्या आणि रेकॉर्डिंग यांवरच चालतं; स्वतःच्या रचनेला वेळ लागतो, त्यात कमीपणा मानू नये.

आणि रेकॉर्डिंगच्या आधी, नंतर नाही, रचनेत कुणाचा किती वाटा हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. ‘ठेका तर तू फक्त वाजवलास’ हे वाक्य मी ऐकलंय. ज्या ठेक्यावर सगळं गाणं उभं होतं, तो मीच बांधला होता. कागद नव्हता.

त्या ब्लूजकडे मी महिन्याभराने पुन्हा गेलो. तिहाई तीच, फक्त एक आवर्तन उशिरा, नवव्या बारपासून उचलली. बंद, न घुमणाऱ्या बोलांनी चढत गेलो आणि शेवटचा खुला ‘धा’ नव्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर, षड्जाच्या कॉर्डवर ठेवला. बेसवाला माझ्याकडे न बघताच हसला.