महाडीबीटीचा फॉर्म भरण्याआधी

महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म तासाभरात भरून होतो, वेळ खातात ते दाखले. सुरुवात उत्पन्नाच्या दाखल्यापासून करा. तो तहसीलदारांचाच लागतो, वडिलांची पगाराची स्लिप चालत नाही. कुठल्या तहसीलमधून काढायचा हे राहत्या पत्त्यावर ठरतं, कॉलेजवर नाही. नवी मुंबईत दिघा-ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा भाग ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे मात्र पनवेल तालुक्यात, म्हणजे जिल्हाच रायगड. वाशीच्या कॉलेजात शिकणाऱ्या खारघरच्या मुलीने ठाण्यात रांग लावली तर दिवस फुकट.

पैसे अडकतात ते बहुतेकदा बँकेत. पासबुकाची झेरॉक्स दिली, केवायसी झालं, म्हणून निर्धास्त राहू नका. आधार ज्या खात्याशी डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीड झालंय, म्हणजे जोडलं गेलंय, त्याच खात्यात रक्कम जाते. कधी ते शाळेत असताना काढलेलं, आता बंद पडलेलं खातं निघतं. 'माय आधार' या आधारच्या पोर्टलवर बँक सीडिंग स्टेटस पाहा. चुकीची बँक दिसली तर सध्या वापरात असलेल्या खात्याच्या शाखेत जाऊन सीडिंगचा अर्ज द्या. ओटीपीसाठी आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा. तो गावी असलेल्या काकांकडे असेल तर आधी आधारमधला नंबर बदलून घ्या.

घरून ये-जा करत असाल तर 'हॉस्टेलर' निवडू नका, पडताळणीत अर्ज परत येतो.

सबमिट केल्यावर अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथल्या क्लार्कना अर्ज क्रमांक आणि कागदांचा संच लगेच नेऊन द्या. मग आठवड्यातून एकदा स्टेटस बघा. 'सेंड बॅक' दिसलं की शेरा वाचून दुरुस्ती करा आणि पुन्हा सबमिट करा.